पैसे घेऊन मिटवले, तर शिक्षा माफ होते का?

पत्र

"माझ्या धाकट्या भावावर २०२२ च्या उन्हाळ्यात बांधाच्या वादातून आमच्याच चुलतभावाने कोयत्याने वार केले. डोक्याला अठरा टाके पडले आणि उजव्या हाताची दोन बोटे गेली. कलम ३०७ आणि ३२६ खाली सत्र न्यायालयात खटला आहे, दोषारोप ठेवून झाले आहेत आणि पुढच्या महिन्यात भावाची साक्ष आहे. दवाखान्याचे कर्ज अजून फिटलेले नाही. आता गावातल्या चार जाणत्या माणसांनी आणि तंटामुक्ती समितीच्या अध्यक्षांनी मध्ये पडून आठ लाखांवर मिटवायचे ठरवले आहे. चार लाख स्टॅम्प पेपरवर सह्या झाल्यावर मिळतील आणि उरलेले चार लाख भावाने कोर्टात 'अंधारात मारणारा कोण ते दिसले नाही' असे सांगितल्यावर. भाऊ तयार आहे, कारण विहीर सामाईक आहे आणि गेल्या वर्षापासून ते आमची पाण्याची पाळी चुकवतात. आई म्हणते, हे रक्ताचे पैसे आहेत, घरात नकोत. त्यांचे वकील म्हणतात, तडजोड झाली की चुलतभाऊ फार तर चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सुटेल. हे खरे आहे का? केस मिटते का? मिटत नसेल, तर शिक्षा किती कमी होते? आम्ही काय करावे?"

— एक बहीण, सातारा जिल्हा

उत्तर

ताई, सप्रेम नमस्कार.

आठ लाखांची भरपाई ही एक गोष्ट आहे आणि "अंधारात दिसले नाही" हे वाक्य ही दुसरी. मध्यस्थांनी या दोन्ही गोष्टी एकाच कागदात बांधल्या आहेत आणि माझे सगळे उत्तर ती गाठ सोडवण्यापुरते आहे. पहिलीचा विचार आपण जरूर करू शकता. दुसरीला भावाने कोणत्याही परिस्थितीत हात लावू नये, आणि हे मी नीतीच्या आधी निव्वळ व्यवहार म्हणून सांगत आहे.

आपल्या खटल्याच्या कागदांवर वरच्या बाजूला "महाराष्ट्र शासन विरुद्ध" असे लिहून पुढे आपल्या चुलतभावाचे नाव आहे, आपल्या भावाचे नाही. भाऊ या खटल्यात जखमी साक्षीदार आहे. फौजदारी कायद्याने काही गुन्हे ज्याला इजा झाली त्याच्या मर्जीने मिटवण्याजोगे मानले आहेत, काही न्यायालयाच्या परवानगीने मिटवता येतात, आणि या दोन्ही याद्यांत जे नाहीत ते पक्षकारांना आपसात मिटवताच येत नाहीत. साधी मारहाण पहिल्या यादीत आहे, घातक हत्याराविना झालेली गंभीर दुखापत, म्हणजे जुने कलम ३२५, दुसऱ्या यादीत आहे. पण धारदार हत्याराने केलेली गंभीर दुखापत (३२६) आणि खुनाचा प्रयत्न (३०७) कोणत्याही यादीत नाहीत. घटना २०२२ मधील असल्यामुळे आपल्याला जुनी दंडसंहिताच लागू राहील. १ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांसाठी भारतीय न्याय संहितेत याच गुन्ह्यांची कलमे अनुक्रमे ११८(२) आणि १०९ झाली आहेत, आणि तिथेही त्यांना तडजोडीची मुभा नाही. तंटामुक्त गाव मोहीम २००७ पासून राज्यात चालू आहे आणि तिने गावोगावचे कितीतरी बांधाचे, वाटेचे, भाऊबंदकीचे तंटे मिटवले, हे मी आदराने मान्य करते. पण अध्यक्षांना कितीही वाटले तरी कोयत्याचा वार त्यांच्या समितीत मिटत नाही. तेव्हा पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की स्टॅम्प पेपरवरच्या सह्यांनी केस मिटत नाही. सत्र न्यायालयात तडजोडीची पुरसिस, म्हणजे तसे लेखी निवेदन, दिली तरी न्यायाधीश ती फाइलला लावून घेतील आणि साक्षीदाराचा पुकारा करतील.

मग लोक "तडजोडीवर केस संपली" असे सांगतात ते कुठून येते? ते उच्च न्यायालयाच्या एका वेगळ्या अधिकारातून येते. न्यायाच्या हितासाठी कोणतीही फौजदारी कारवाई रद्द करण्याचा अंगभूत अधिकार उच्च न्यायालयाला आहे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ५२८), आणि ग्यान सिंग विरुद्ध पंजाब राज्य या २०१२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की हा अधिकार तडजोडीच्या याद्यांहून वेगळा आहे. व्यापारी, आर्थिक, कौटुंबिक स्वरूपाच्या भांडणातून उद्भवलेले गुन्हे पक्षकारांत समझोता झाला असेल तर रद्द करता येतील. खून, बलात्कार, दरोडा यांसारखे गुन्हे मात्र समझोता झाला तरी रद्द करता येणार नाहीत, कारण त्यांचा घाव एका माणसापुरता राहत नाही. खुनाचा प्रयत्न या दोन टोकांच्या मध्ये कुठे बसतो, हा प्रश्न दोनच वर्षांत नरिंदर सिंग विरुद्ध पंजाब राज्य (२०१४) या प्रकरणात पुढे आला. आपल्या प्रश्नाच्या सगळ्यांत जवळचा निकाल तोच असल्याने तिथे थोडे थांबते.

त्या निकालात न्यायालयाने म्हटले की ३०७ हा सर्वसाधारणपणे समाजाविरुद्धचाच गंभीर गुन्हा आहे, परंतु केवळ फिर्यादीत ३०७ लिहिले आहे एवढ्यावर उच्च न्यायालयाने थांबू नये. हे कलम उगाच जोडले आहे की त्याला खरोखर आधार आहे, हे इजेचे स्वरूप, ती शरीराच्या नाजूक भागावर आहे का आणि हत्यार कोणते वापरले यांवरून पाहावे. पोलीस ठाण्यात भांडणाला वजन यावे म्हणून ३०७ लावले जाते, ही गोष्ट जिल्हा न्यायालयात वावरलेल्या कोणालाही नवी नाही, आणि न्यायालयाला हीच चाळणी लावायची होती. त्याच निकालात तडजोड कोणत्या टप्प्यावर झाली याला मोठे महत्त्व दिले आहे. गुन्हा घडल्यावर लगेच, तपास चालू असताना झालेल्या समझोत्याकडे उच्च न्यायालयाने उदारपणे पाहावे. दोषारोप ठेवले आहेत पण पुरावा सुरू झालेला नाही, अशा वेळीही परिस्थिती तपासून उदारता दाखवता येईल. पण पुरावा जवळजवळ संपला असेल किंवा युक्तिवाद चालू असतील, तर सत्र न्यायालयालाच गुणदोषांवर निकाल देऊ द्यावा. आणि दोषसिद्धी झाल्यानंतर केवळ तडजोड झाली म्हणून आरोपीला निर्दोष सोडता येणार नाही. पुढे २०१९ मध्ये मध्य प्रदेश राज्य विरुद्ध लक्ष्मी नारायण या निकालात तीन न्यायमूर्तींनी ही सूत्रे कायम ठेवून आणखी एक भर घातली. आरोपीची पार्श्वभूमी कशी आहे, तो फरार होता का, आणि फिर्यादीला त्याने तडजोडीपर्यंत आणले ते कोणत्या मार्गाने, हेही न्यायालयाने पाहायचे आहे.

हा शेवटचा मुद्दा आपण दोनदा वाचावा. पाण्याची पाळी वर्षभर चुकवून शेवटी मिळवलेल्या सहीला न्यायालय मनापासूनची तडजोड मानणार नाही. सातारा जिल्ह्याची प्रकरणे १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचसमोर जातात. तिथे असा अर्ज केल्यास भावाला समोर उभे करून स्वखुशीने केले का, असे विचारले जाण्याची तयारी ठेवावी लागेल. माझे मत विचाराल तर, टप्पा अनुकूल असूनही आपले प्रकरण रद्द होणे कठीण आहे, कारण कोयता हे हत्यार, डोके हा शरीराचा भाग आणि कायमची गेलेली बोटे या तिन्ही गोष्टी नरिंदर सिंग निकालातल्या चाळणीत ३०७ ला खरा आधार असल्याचेच दाखवतात. नातेसंबंध आणि एकट्या आरोपीचा तात्कालिक राग या त्यांच्या बाजूच्या गोष्टी आहेत, पण त्या तेवढ्या जड नाहीत.

आता शिक्षेकडे येते, कारण आपल्या प्रकरणात तडजोडीचा खरा परिणाम झालाच तर तो इथे होईल. इजा झाली असल्यास ३०७ ला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कारावास आहे, ३२६ लाही तेवढाच, आणि जुन्या संहितेत या दोन्ही कलमांना किमान शिक्षा ठरवलेली नाही. (नव्या संहितेच्या ११८(२) मध्ये मात्र किमान एक वर्षाचा कारावास आहे.) म्हणजे काही महिन्यांपासून जन्मठेपेपर्यंत एवढे मोठे मैदान न्यायाधीशांच्या विवेकाला मोकळे आहे, आणि त्या मैदानात समझोता हे एक वजन आहे. राम पूजन विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या १९७३ च्या निकालापासून सर्वोच्च न्यायालय एक भूमिका धरून आले आहे: ३२६ चा गुन्हा मिटवायला परवानगी देता येत नाही, पण पक्षकारांमध्ये समेट झाला ही गोष्ट शिक्षा ठरवताना विचारात घेता येते. १९८८ मध्ये महेश चंद प्रकरणात न्यायालयाने ३०७ मध्ये तडजोडीची परवानगीच देऊन टाकली होती. १९९९ मध्ये राम लाल विरुद्ध जम्मू आणि काश्मीर राज्य या निकालात ती वाट कायद्याला धरून नसल्याचे सांगून बंद केली, मात्र शिक्षा भोगलेल्या मुदतीपर्यंत खाली आणली. आपल्याच राज्यातील बंकट विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा २००५ च्या खंडात छापलेला निकालही याच धर्तीचा आहे. ईश्वर सिंग विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (२००८) यात ३०७ च्या शिक्षेबाबत समझोता ही "संबंधित आणि महत्त्वाची" बाब असल्याचे न्यायालयाने नमूद केले.

हे निकाल त्यांच्या वकिलांनी आपल्यापुढे ठेवले असतील तर ते खरे आहेत, पण त्यांच्याकडे पाहताना एक गोष्ट निसटते. यांतील बहुतेक प्रकरणांत आरोपीवर दोष सिद्ध झालेला होता, तो काही काळ तुरुंगात राहून आलेला होता, आणि अपील दिल्लीपर्यंत पोचेतो घटनेला इतकी वर्षे लोटली होती की दोन्ही घरांची मुले एकमेकांच्या लग्नांना जाऊ लागली होती. अशा वेळी "भोगली तेवढी शिक्षा पुरे" असे न्यायालय म्हणते. सत्र न्यायालयात साक्षच झालेली नसताना कोणी सूट मोजून द्यायला लागला, तर तो न्यायाधीशांच्या वतीने बोलतो आहे असे समजावे. किती कमी होईल याचे कोष्टक कुठल्याही कायद्यात नाही. समझोता, आरोपीची पहिलीच वेळ असणे, वय, इजेचे स्वरूप, पश्चात्ताप, दिलेली भरपाई आणि खटल्यात काढलेली वर्षे ही सगळी वजने न्यायाधीश एकत्र तोलतात, आणि त्यांनी तोल फारच सैल धरला तर अपुऱ्या शिक्षेविरुद्ध राज्य शासन अपील करू शकते. (जखमीला केवळ शिक्षा वाढवून मागण्यासाठी स्वतः अपील करता येत नाही, त्याचे अपील सुटका, हलक्या कलमाखालची दोषसिद्धी आणि अपुरी भरपाई एवढ्यांपुरते आहे.)

"चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सुटेल" हे तर आपण विसरूनच जावे. परिवीक्षा कायद्याच्या कलम ४ खाली बंधपत्रावर सोडण्याची सोय मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकणाऱ्या गुन्ह्यांना नाही, आणि इजा झालेले ३०७ व ३२६ दोन्ही तसलेच आहेत. गुन्हा कबूल करून शिक्षेची वाटाघाट (प्ली बार्गेनिंग) म्हणून २००६ पासून जी सोय आपल्या कायद्यात आली, तीही सात वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांना मिळत नाही. वकील महाशय हे जाणत नसतील असे मला वाटत नाही.

मी आतापर्यंत जे सांगितले ते भावाच्या खऱ्या साक्षीला गृहीत धरून सांगितले. खोटी साक्ष दिली तर चित्र असे दिसते. न्यायालयीन कामकाजात शपथेवर खोटे सांगणे हा जुन्या कलम १९३ खाली सात वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. भावाचा जबाब दंडाधिकाऱ्यांसमोर नोंदवलेला असेल तर ते खोटे उघडे पडायला वेळ लागत नाही, आणि भाऊ फितूर झाला तरी डॉक्टर, पंच, जप्त कोयता व इतर साक्षीदार यांच्या आधारे आरोपीला दोषी ठरवता येते. पण फार कमी लोकांना ठाऊक असलेली गोष्ट निराळी आहे. गुन्हेगाराला शिक्षेतून वाचवण्यासाठी किंवा त्याच्यावरची कारवाई सोडून देण्यासाठी मोबदला घेणे हाच मुळात गुन्हा आहे: जुन्या संहितेत २१३, नव्यात २५०. देणारा २१४ खाली येतो. कायद्याने मिटवता येणाऱ्या गुन्ह्यांना यातून सूट आहे. ३०७ ला नाही. म्हणजे "साक्षीनंतर चार लाख" असे स्टॅम्प पेपरवर लिहून दोन्ही बाजूंनी सह्या करणे म्हणजे दोन्ही बाजूंनी स्वतःविरुद्धचा पुरावा नोटरीकडून शिक्का मारून घेण्यासारखे आहे.

माझ्या वकिलीच्या सुरुवातीच्या काळातला एक प्रसंग आठवतो. डोक्यात कुऱ्हाड लागलेला एक शेतकरी माझ्याकडे आला तो निकालानंतर. निम्मे पैसे आधी, निम्मे साक्षीनंतर, असेच ठरले होते. त्याने ठरल्याप्रमाणे कोर्टात काहीच ओळखले नाही, आरोपी सुटला, आणि उरलेले पैसे मागायला गेल्यावर त्याला दारातून हाकलण्यात आले. त्याला दावा लावायचा होता. मला त्याला सांगावे लागले की करार कायद्याच्या कलम २३ प्रमाणे खटला दाबण्यासाठी केलेला करार मुळातच निरर्थक असतो, तो घेऊन कोणत्याही दिवाणी न्यायालयात जाता येत नाही, आणि गेलोच तर आपण साक्ष विकली हे पहिल्याच परिच्छेदात लिहावे लागेल. तो बराच वेळ पायरीवर बसून होता. ताई, उरलेले चार लाख हे असेच पैसे आहेत.

आईंच्या बोलण्याकडे वळते. "रक्ताचे पैसे" हा शब्द त्यांना सुचला तो उगाच नाही, आणि न्यायालयांनाही हीच धास्ती आहे. पैसेवाल्या आरोपीने भरपाई मोजून शिक्षा विकत घ्यावी आणि गरिबाने ती भोगावी, असे होऊ नये म्हणून २०२४ मध्ये राजेंद्र भगवानजी उमराणिया विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की जखमीला भरपाई दिली हे शिक्षा कमी करण्याचे कारण होऊ शकत नाही. भरपाई ही पीडितासाठी आहे, आरोपीच्या सवलतीसाठी नाही. जुन्या समेटांच्या निकालांशी हे शब्दशः जुळत नाही, हे मी लपवत नाही. माझ्या वाचनाप्रमाणे दोन्हींतला फरक असा आहे की समेटाला वजन मिळते ते दोन घरांतले वैर खरोखर निवले म्हणून, रक्कम मोजली म्हणून नव्हे. आणि जिथे फक्त रक्कमच दिसते आणि निवणे दिसत नाही, तिथे न्यायाधीशांनी हात आखडता घ्यावा हेच मला योग्य वाटते. पण त्याच न्यायाने आईंनाही सांगावेसे वाटते की औषधपाण्याला लागलेला खर्च आणि गेलेल्या बोटांमुळे बुडालेली मजुरी मागणे यात मुलाचे रक्त विकणे काहीच नाही. भरपाई हा कायद्याने दिलेला हक्क आहे. आपल्या मराठवाड्याकडच्या अंकुश शिवाजी गायकवाड प्रकरणात, जिथे कुत्र्याला मारण्यावरून शेतात भांडण पेटून एक माणूस गेला होता, सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले की प्रत्येक फौजदारी खटल्यात दोषसिद्धीनंतर भरपाईचा विचार करणे हे न्यायालयाचे कर्तव्य आहे आणि ती द्यायची किंवा नाही याची कारणे निकालात लिहिली पाहिजेत. आरोपीकडून मिळणारी रक्कम अपुरी पडत असेल, किंवा खटला सुटकेत संपला आणि पुनर्वसनाची गरज असेल, तर न्यायालय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे भरपाईची शिफारस करू शकते. प्राधिकरण साताऱ्यातच आहे, आणि स्त्री म्हणून आपल्याला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

एक गोष्ट आपल्यासाठी नव्हे, पण हे सदर वाचणाऱ्या इतर घरांसाठी लिहिते, कारण अशी पत्रे मला येतात. बलात्कार आणि बालकांवरील लैंगिक अत्याचार यांत तडजोडीला शिक्षेतही स्थान नाही. २०११ मध्ये बलदेव सिंग प्रकरणात सामूहिक बलात्काराची दहा वर्षांची शिक्षा समझोत्याचा आधार घेऊन सुमारे साडेतीन वर्षांवर आणली गेली होती. २०१३ मध्ये शिंभू विरुद्ध हरियाणा राज्य या निकालात तीन न्यायमूर्तींनी ती वाट बंद केली, कारण असली संमती दबावाखाली दिलेली नाही याची खात्री कधीच देता येत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये रामजी लाल बैरवा प्रकरणात राजस्थानातील एका शिक्षकावरचा पोक्सोचा खटला, जो पालकांशी झालेल्या समझोत्यावर रद्द केला गेला होता, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा चालू करायला लावला. आईवडिलांनी सही केली म्हणून लेकराचा गुन्हा मिटत नाही.

आता आपण काय करावे. तयार झालेला तो कागद आहे तसा सही करू नका, आणि साक्षीआधी एक रुपयाही रोख घेऊ नका. पुढच्या तारखेआधी सरकारी वकिलांना भेटून ठरावाची सगळी हकिगत सांगा. लपवलेली तडजोड बचाव पक्षाच्या हातातले हत्यार होते, सांगितलेली होत नाही. भावाने घडले ते जसेच्या तसे सांगावे. साक्ष झाल्यावर, आणि दोष सिद्ध झाला तर शिक्षेच्या मुद्द्यावर दोन्ही बाजूंना ऐकण्याचा जो टप्पा सत्र खटल्यात असतो, त्या वेळी भावाला खरोखर वाटत असेल तर त्याने आपल्या वकिलामार्फत प्रतिज्ञापत्र द्यावे की चुलतभावाने चूक कबूल केली आहे, उपचाराचा खर्च द्यायला तो तयार आहे, आणि आम्हाला पुढे एकाच बांधावर नांदायचे आहे. रक्कम न्यायालयात जमा व्हावी आणि भावाच्या बँक खात्यात यावी. खऱ्या साक्षीनंतर दिलेल्या त्या प्रतिज्ञापत्राचे वजन साक्षीआधीच्या कागदापेक्षा चुलतभावासाठीही जास्त असेल. मध्यस्थ मंडळींना हे समजावून सांगितले तर त्यांच्यातला एखादा तरी मान डोलावेल. समोरचे याला तयार झाले नाहीत, तर त्यांना वैर मिटवायचे नव्हते, साक्ष मिटवायची होती, हे आपल्याला आठ लाखांपेक्षा स्वस्तात कळले असे समजा.

पाण्याचा प्रश्न या खटल्यात गुंतवू नका, कारण त्याला स्वतंत्र दार आहे. मामलतदार न्यायालय कायदा, १९०६ याच्या कलम ५ खाली सामाईक विहिरीच्या पाण्याच्या वापरातून बेकायदा हटवले गेले असेल तर तहसीलदारांकडे दावा करून तो वापर परत मिळवता येतो. मुदत मात्र कारण घडल्यापासून सहा महिन्यांची आहे, म्हणून ज्या ज्या दिवशी पाळी नाकारली त्या तारखा वहीत लिहून ठेवा आणि ही वही घेऊन लवकरात लवकर वकिलाकडे जा. पाणी तोडण्याबरोबर "साक्ष फिरव" अशी धमकी आली असेल तर खोटी साक्ष देण्यासाठी धमकावणे हा वेगळा गुन्हा आहे. जामिनाच्या अटी मोडल्याचे सरकारी वकील न्यायालयाच्या लक्षात आणून देऊ शकतात, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये मान्य केलेल्या साक्षीदार संरक्षण योजनेखाली जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे संरक्षणाचा अर्जही करता येतो.

भावाची खरी भीती उलटतपासाची असेल, हे मी ओळखते. तिथे त्याला विचारले जाईल, "तुमच्यात तडजोड झाली आहे, हे खरे आहे का?" त्याने न घाबरता सांगावे, की हो, बोलणी झाली आहेत. आणि "मग मारणारा हा नव्हताच ना?" असे विचारले, तर सांगावे, की मारणारा हाच होता. ही दोन्ही उत्तरे एकाच साक्षीत, एकाखाली एक लिहिली जातील, आणि शिक्षा ठरवण्याची वेळ आली तर न्यायाधीश दोन्ही वाचतील.